चौथ्या प्रकाराच्या मागे आसेगावपर्यंत

अकोल्याच्या फलाटावर मी उतरले ती भांडायच्या तयारीने. ज्यांच्याशी भांडायचं ते लोक वाशीमला होते आणि मध्ये एसटीचा दोन-अडीच तासांचा प्रवास होता. म्हणजे मुद्दे घोळवायला भरपूर वेळ होता.

भांडणाचं कारण सांगते. पुण्यातल्या एका कारखान्याच्या मापन-प्रयोगशाळेत मी उभं आयुष्य काढलं. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक पकडायची आणि चारचौघांत ती दाखवून द्यायची, हे माझं काम. घरचे म्हणतात, निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. कॉलेजात हवाई छात्रांच्या तुकडीत असताना मला विमानांच्या छोट्या नमुन्यांचं वेड लागलं, तेही गेलेलं नाही. हलक्या लाकडाच्या आणि पातळ कागदाच्या त्या विमानांच्या नाकात एक इंजिन बसतं. आकार लिंबाएवढा, पण आत खरा पिस्टन, खरा सिलिंडर, आणि पिस्टनची खाली-वर धाव पंख्यापर्यंत नेणारा खरा पोलादी शाफ्ट. इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल. बोटाने पंखा फटकन फिरवला की ते अंगापेक्षा मोठ्या आवाजात ओरडायला लागतं.

आमच्या तरुणपणी कलकत्त्याच्या एका लहान कारखान्यात ‘पवन’ नावाचं असं इंजिन बनायचं. आता ते जुन्या बाजारात सापडतं आणि आमच्यासारखी हौशी माणसं त्याचे प्रकार ओळखत बसतात. सिलिंडरभोवती थंडाव्यासाठी कंगोरे असतात, ते किती आहेत? मागचं झाकण किती स्क्रूंचं आहे? धूर सोडायचं तोंड गोल की चौकोनी? यावरून पहिला, दुसरा, तिसरा प्रकार ठरतो. या सगळ्याची यादी मी केली आणि संकेतस्थळावर टाकली. यादीतला चौथा प्रकार हा माझा शोध. त्याला कंगोरे पाचाऐवजी सात, झाकणाला स्क्रू चाराऐवजी तीन, आणि झाकणाच्या कडेला सुईच्या टोकाएवढा एक ठिपका. असं एक इंजिन माझ्याकडे आहे आणि दुसरं कोलकात्याच्या एका संग्राहकाकडे. ठिपका हा कारखान्याने पिस्टनच्या मापाची श्रेणी दाखवण्यासाठी दिलेला आहे, असं मी ठासून लिहिलं. लोकांनी ते मानलं. मीही मानलं, हे जास्त वाईट.

मग एके दिवशी मोबाइलवर निरोप आला. ‘मॅडम, तो ठिपका आमच्या अब्बांचा आहे. वाशीमला आमचं लेथचं दुकान आहे. या, दाखवते. सलमा.’

मी गोड शब्दांत कडू उत्तर पाठवलं. त्यावर तिने एका खणाचा फोटो पाठवला. खणात सहा सिलिंडर होते. सगळे सात कंगोऱ्यांचे आणि सगळे अर्धवट कापलेले. कारखान्यातला अर्धवट माल वाशीमच्या खणात कसा जाईल? दोन दिवस मी स्वतःशीच वाद घातला आणि तिसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

अकोल्याहून निघालेली बस पातूरच्या पुढे घाटाला लागली. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पानं अर्धी झडलेली. माझं इंजिन पंच्यात गुंडाळून मांडीवरच्या पिशवीत ठेवलं होतं. निघण्याआधी ते एकदा सुरू करून पाहण्याचा मोह मला आवरला नव्हता. त्यामुळे पिशवीला ईथरचा वास येत होता आणि तो हळूहळू पसरत गेला.

शेजारी मेथीचं गाठोडं घेऊन बसलेल्या बाईने नाकाला पदर लावला. “बाई, दवाखान्यातून येऊन राह्यल्या काय? लय वास येते.”

तेवढ्यात वाहक आले. “रॉकेल नाई न पिशवीत? उतरून देइन बरं.”

मी पंचा उघडून इंजिन दाखवलं.

“एवढंसं? फवारनीच्या पंपाचं हाय काय?”

“विमानाचं,” मी म्हटलं, आणि आवाजात थोडा तोरा आलाच असावा. अर्धी बस वळून पाहायला लागली.

“विमानाचं?” मेथीवाल्या बाईने मला खालून वर न्याहाळलं. “मंग तुमी बसनं काहून जाऊन राह्यल्या?”

बस हसली, मीही हसले, आणि अकोल्यापासून जपून आणलेला घुस्सा तिथे निम्मा सांडला.

मेडशीला बसच्या इंजिनात पाणी घालण्यासाठी अर्धा तास थांबलो. सोयाबीन निघून गेलेली रानं मोकळी पडली होती आणि तूर मात्र शेंगांनी वाकून उभी होती. टपरीवर गरम आलूबोंडा आणि त्यावर तर्री (तिखट लाल रस्सा) मिळाली. मेथीवाल्या बाई इथेच उतरायच्या होत्या. जाताना त्यांनी मेथीची एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली. म्हणाल्या, “वास मरन.” वास मेला नाही. मेथीलाच ईथरचा वास लागला.

वाशीमला पोचले तेव्हा बाजार भरात होता. सलमाचं दुकान एका बोळाच्या तोंडाशी होतं. आत धातू फिरवून कापायचा एक जुना लेथ, त्याच्या पट्ट्याला पन्नास ठिकाणी टाके, आणि दाराशी फवारणीच्या पंपांची रांग. सलमा चाळिशीची, ओढणी कमरेला खोचलेली, हात कोपरापर्यंत काळे. जळालेल्या मोटरमध्ये तार भरण्यापासून पंप दुरुस्तीपर्यंत सगळं आता तीच करते. आत स्टुलावर तिचे अब्बा, रशीद मिस्त्री, बसले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, जाड भिंगांचा चष्मा, आणि दाढी इतकी पांढरी की त्या दुकानात ती पांढरी राहते कशी याचं नवल वाटावं.

मी नमस्कार-चमत्कार आटोपून थेट मुद्द्यावर आले आणि ठिपका कारखान्याचाच कसा, हे सांगायला लागले. रशीद मिस्त्रींनी मला मध्येच तोडलं नाही. त्यांनी माझं इंजिन हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलंसुद्धा नाही, फक्त अंगठ्याचं नख झाकणाच्या कडेवरून फिरवलं. नख थांबलं.

“हा माहा,” ते म्हणाले.

“कशावरून?”

“सलमा, तो पंच दे.”

सलमाने खणातून पोलादाची एक बोथट सुई काढून दिली. मिस्त्रींनी पत्र्याच्या तुकड्यावर ती टेकवून हातोडीचा एक हलका टोला दिला. मी भिंग लावलं. पंचाचं टोक एका बाजूला झिजलेलं होतं, म्हणून ठिपका गोल उमटत नव्हता, एका अंगाला किंचित कललेला उमटत होता. माझ्या इंजिनावरचा ठिपका तसाच, तितकाच, त्याच अंगाला कललेला. तो कल मी वर्षानुवर्षं पाहत होते आणि त्याला कारखान्याची खासियत म्हणत होते. वाद संपला. मी मनातल्या मनात माझ्या यादीचे तुकडे गोळा करायला घेतले.

“पण ठिपका का देता?” मी विचारलं.

“उस्तादनं शिकोलं. कामावर आपली निशानी ठेवाची. काम मोडलं तं ते वापस आलं पाह्यजे, अन् वापस आलं तं ‘हे माहं नाई’ असं म्हनाची सोय राह्यली नाई पाह्यजे.”

निशाणी कौतुकासाठी नव्हती, तक्रारीसाठी होती. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढून मला हे कुणी शिकवलं नव्हतं. मला तो म्हातारा एकदम आवडला.

मग गोष्ट कळत गेली. वाशीमच्या एका शाळेत ढोले सर विज्ञान शिकवायचे. त्यांनी मुलांसाठी तीन जुनी ‘पवन’ इंजिनं मिळवली, तिन्हींचे सिलिंडर फुटलेले आणि झाकणं तडकलेली. कलकत्त्याहून सुटे भाग येईनात. तेव्हा तरुण रशीद मिस्त्रींनी ते भाग इथे, या लेथवर बनवले. सात कंगोरे का, तर वाशीमच्या उन्हात पाच पुरणार नाहीत असं त्यांना वाटलं. स्क्रू तीन का, तर चौथा बसवताना झाकण चिरत होतं. माझा चौथा प्रकार म्हणजे हा!

मी इतकी खुशीत आले की इंजिन लेथच्या कडेला धरून पंखा बोटाने फिरवला. त्याच्या पोटात कालच्या इंधनाचा थेंब उरला असावा. इंजिन एकदाच फाडकन बोललं.

रशीद मिस्त्री ताडकन उठले. त्यांनी एका हाताने सलमाला आणि दुसऱ्या हाताने मला दंडाला धरून बाजूला ओढलं. “समोर नका राहू! समोर नका राहू!” त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

“ढोले सरांचा डावा डोळा गेला होता,” सलमा हळूच म्हणाली. “इंजिन चालू असताना शाफ्ट तुटला अन् पंखा उडाला. चाळीस वर्सं होत आली. तवापासून अब्बानं असलं काम कधी घेतलं नाई. पंप, पुली, बस्. जोरात फिरनारी चीज दुकानात नको म्हनतात. मी मोटर चालू करते तं मलेबी समोरून हटवतात.”

थोड्या वेळाने मिस्त्री आत आले आणि माझ्यासमोर बसले. चेहऱ्यावर विनवणी होती आणि ती लपवायचा त्यांचा प्रयत्न मला दिसत होता.

“बाई, तुमी कंपनीचं काम अन् माहं काम वेगळं ओळखता न?”

“आता ओळखते,” मी म्हटलं.

“तीन इंजिनं होती. एकाच इंजिनाले शाफ्ट मी बनवला. कोनत्या, ते मले याद नाई. सर म्हनाले, तुटला तो कंपनीचा होता, तुमचा नाई. पर ते सर आहेत. ते मले वाईट वाटू देनार नाई. तुमाले माह्यासाठी वाईट वाटाचं काही कारन नाई. तुमी खोलून सांगा. सरांचा डोळा माह्या शाफ्टनं गेला काय?”

माझ्या इंजिनातला शाफ्ट कारखान्याचा आहे, हे मला ठाऊक होतं, कारण मी ते कितीदा तरी खोललं होतं आणि शाफ्टवर ठिपका नव्हता. म्हणजे त्यांचा शाफ्ट एक तर कोलकात्यात होता, नाही तर ढोले सरांकडच्या तुटक्या इंजिनात. ते इंजिन सरांच्या घरी, आसेगावला होतं; बाकीची दोन अपघातानंतर जुन्या बाजारात गेली होती.

“तुम्ही सरांना कधी विचारलं नाही?”

“लग्नाकार्यात भेटतो. तब्येत विचारतो. तो विषय दोघंबी काढत नाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सलमाने शेजाऱ्याची व्हॅन मागून आणली आणि आम्ही तिघं मंगरूळपीरच्या दिशेने निघालो. थंडीचे दिवस, पण ऊन चढलं तशा काचा खाली झाल्या. हरभऱ्याची रानं हिरवीगार होती. मिस्त्री पुढे बसून चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होते. मी त्यांना उगाच धीर द्यायला गेले. म्हटलं, कारखान्याच्या शाफ्टला इंधन आत घ्यायची जी खिडकी असते तिचे कोपरे अगदी काटकोनात कापलेले असतात, तडा तिथेच जातो, तेव्हा कारखान्याचाच असण्याचा संभव जास्त. मिस्त्री म्हणाले, “माह्याजवळ तशी मशीन नव्हती. मी भोक पाडून कानशीनं घासलं. कोपरे गोल राह्यले.” म्हणजे मी न पाहताच त्यांना आशा लावून बसले होते. माझं हे असंच असतं, मापाआधी निकाल.

आसेगावला ढोले सरांचं घर गावाच्या कडेला आहे आणि घरामागे त्यांचं माळवं. वांगी, कोथिंबीर, कांद्याची पात, सगळं ओळीत, फळ्यावर लिहिल्यासारखं. सर उंच, ताठ. डावा डोळा काचेचा. मिस्त्रींना पाहून ते धावतच आले. “मिस्त्री! अन् सलमाबी! अहो, ऐकलं काय, पाहा कोन आलं!” त्यांच्या पत्नी शांताबाई सोले (तुरीचे ओले दाणे) सोलत बसल्या होत्या, त्या हात पुसत उठल्या. मी माझं इंजिन दाखवलं तेव्हा तर सर लहान मुलासारखे हरखले. विमानाला त्यांनी काय नाव दिलं होतं, ते शाळेच्या कौलांवर कसं अडकलं होतं, सगळं सांगत सुटले.

“सर, तिसरं इंजिन पाहायचं होतं,” मी म्हटलं.

त्यांचा आवाज खाली आला. “त्यात काय पाहाचं? जाम झालं ते.”

“मीच म्हनलं बाईले,” मिस्त्री म्हणाले. “खोलून पाहू द्या, सर.”

सर जागचे हलले नाहीत. उठल्या त्या शांताबाई. त्यांनी आतून बिस्किटांचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला, आणि का कोण जाणे, तो जरा आपटूनच ठेवला.

इंजिन खरंच जाम होतं. जुनं एरंडेल वाळलं की त्याची लाख होते. शांताबाईंनी डाळीच्या पातेल्यात पाणी उकळलं आणि आम्ही इंजिन त्यात सोडलं. एरवी या प्रकाराला मी हसले असते. पंधरा मिनिटांनी ते बाहेर काढलं, तीन स्क्रू सोडवले, झाकण काढलं आणि पंच्यात धरून हळूहळू शाफ्ट मागे ओढला. पुढचं टोक तुटून गेलेलं होतंच. शाफ्टच्या मागच्या टोकाला असलेल्या चकतीवर तपकिरी राप चढला होता. तो मी जरासा खरवडला आणि भिंग लावलं.

ठिपका होता. एका अंगाला कललेला. खिडकीचे कोपरे गोल होते.

“शाफ्ट रशीदभाईंचा आहे,” मी म्हणाले. प्रयोगशाळेतल्या त्याच आवाजात म्हणाले, जसा निकाल वाचून दाखवावा तसा. त्या आवाजाची मला आजही लाज वाटते.

सलमाने अब्बांच्या पाठीवर हात ठेवला. मिस्त्रींनी मान हलवली. “मले मालूम होतं,” ते म्हणाले. “सर, मले मालूम होतं.”

“नाई, नाई, मिस्त्री,” सर घाईघाईने म्हणाले. “या बाईंची काही तरी चूक होऊन राह्यली. कंपनीचाच होता तो.”

“निशानी माही आहे न, सर. कशी नाई म्हनू?” मिस्त्रींनी हात पुढे केला. “द्या, बाई. पाहू द्या मले.”

त्यांनी रॉकेलची चिंधी मागितली आणि शाफ्ट पुसायला लागले. सावकाश, एखाद्या लेकराचं तोंड पुसावं तसं. मला वाटलं, आता हे रडणार. पुसून झाल्यावर त्यांनी चकतीच्या कडेवरून नख फिरवलं. नख अडलं. थोडं पुढे नेलं, पुन्हा अडलं. शाफ्ट उलटवून त्यांनी समोरची कड तपासली. तिथेही तेच.

“बाई, इथी पाहा.”

मी भिंग लावलं. चकतीच्या कडेवर, दोन समोरासमोरच्या बाजूंना, बारीक तिरप्या रेघांची जाळी उमटली होती. वाइसच्या (काम घट्ट आवळून धरणाऱ्या लोखंडी पकडीच्या) जबड्यांना दाते असतात, त्यांचे ते वण. रापाखाली दडले होते आणि मी ठिपका सापडताच पाहायचं थांबवलं होतं.

“मी पोलादाले नंगा वाइस कधीच लावत नाई,” मिस्त्री म्हणाले. “जबड्याले तांब्याची पट्टी लावतो, मंग धरतो. उस्तादनं याच्यासाठी कानाखाली वाजवली होती माह्या. हे दाते माह्या हातचे नाई. माह्या दुकानातून गेल्यावर कोनी तरी हा शाफ्ट वाइसमध्ये आवळला अन् ठोकला.” त्यांनी मान वर केली. “कोनं धरला हा, सर?”

चुलीवरच्या पातेल्यातलं पाणी तेवढं उकळत होतं.

“सांगून टाका आता,” शांताबाई म्हणाल्या. “एकटी मी किती वर्सं ऐकू?”

सर खाटेच्या काठावर बसले. “दुसऱ्या दिवशी अकोल्याले प्रात्यक्षिक होतं,” ते म्हणाले. “आदल्या दिवशी सराव करताना विमान नाकावर आदळलं. शाफ्ट वाकला. तुमच्याकडे येनार होतो, मिस्त्री. बोळापर्यंत आलोबी होतो. पन त्या दिवशी ईद होती. तुमचं घर पाहुन्यांनी भरलेलं, तुमी नवे कपडे घालून दारात उभे. म्हटलं, सनाच्या दिवशी मानसाले लेथवर कुठं उभं कराचं. शाळेत गेलो, वाइसमध्ये धरला अन् हातोडीनं सरळ केला. सरळ दिसत होता, पन आत तडा गेला असन. दुसऱ्या दिवशी तुटला. दवाखान्यात तुमी रडत आले. माह्यानं खरं सांगनं नाई झालं. कंपनीचा होता म्हनलं, म्हनजे तुमच्यावरबी येनार नाई अन् माह्यावरबी येनार नाई.”

“माह्यावर आलं, सर,” मिस्त्री म्हणाले.

ते उठले आणि मागच्या दाराने माळव्यात गेले. वांग्यांच्या ओळीत पाठ करून उभे राहिले. सलमा उठू लागली तेव्हा शांताबाईंनी तिला बसवलं. मला सरांचा राग आला होता आणि त्यांच्याकडे पाहवतही नव्हतं. एका माणसाने दुसऱ्याचा सण मोडायचा नाही म्हणून एवढंसं केलं, त्यात स्वतःचा डोळा घालवला, आणि नंतर भीतीपायी त्याचे चांगले हात चाळीस वर्षं बांधून ठेवले. यात वाईट माणूस कोणता, ते मी शोधत होते. मला सापडला नाही.

बऱ्याच वेळाने मिस्त्री परत आले. डोळे पुसून आलेले होते.

“ईदच्या दिवशी आले असते तं पहिले शीरखुर्मा पाजला असता,” ते सरांना म्हणाले. आवाज चढला होता. “मंग लेथवर उभा राह्यलो असतो. नव्या कपड्यात. दोन घंट्याचं काम होतं, सर! दोन घंट्याचं!”

“हो,” सर म्हणाले.

“जेवा आता,” शांताबाई म्हणाल्या, आणि आम्ही सगळे जेवायला बसलो. सोले-वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा. भाजी अप्रतिम होती आणि ते कुणी बोलून दाखवलं नाही. मिस्त्रींनी मात्र दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली, तेव्हा शांताबाईंचा चेहरा जरा सैल झाला.

आम्ही व्हॅनमध्ये बसलो तेव्हा सर डबा घेऊन मागोमाग आले. खिडकीशी उभे राहिले. “मिस्त्री, तुमचा शाफ्ट मोडला. नवा बनवून द्या.”

मिस्त्रींनी डब्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. “मी दारातून माल नेत नाई, सर. माल दुकानात येत असते. दुकानात घेऊन या.”

सलमाने गाडी सुरू केली. मला ते उत्तर कठोर वाटलं. वाशीमपर्यंत मी ते मनात घोळवत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी परतीची बस होती. त्याआधी खणातल्या सिलिंडरांची मापं घ्यायला मी दुकानात गेले. आता यादी नव्याने लिहायची होती. चौथ्या प्रकारापुढे कारखाना नव्हे, वाशीम, असं लिहायचं होतं. मी मिस्त्रींना विचारलं, तुमचं नाव लिहू का? ते म्हणाले, लिहा, बोळाचा पत्ताबी लिहा.

दुकान उघडून तासही झाला नसेल. पंप घेऊन आलेले दोन शेतकरी दाराशी बाकावर बसले होते. तेवढ्यात ढोले सर आले. पहिल्या एसटीने आले असावेत. इस्त्रीचा सदरा, काखेत पिशवी, पिशवीत डबा.

लेथवर वाकलेल्या मिस्त्रींनी मान वर केली नाही. “बसा. तुमच्या आधी दोघं आहेत.”

बाकावरचा एक जण चटकन उठला. त्याने सरांना ओळखलं होतं. “सर, तुमी पहिले दाखवा. माहं काही घाईचं नाई.”

“नाई रे,” सर म्हणाले. “नंबरानं येऊ दे.” आणि ते बाकाच्या शेवटी, गुडघ्यांवर पिशवी धरून बसले.

सलमाने माझ्याकडे पाहिलं आणि ओढणीने तोंड झाकलं. ती हसत होती की रडत होती, कळलं नाही. माझ्या बसची वेळ झाली होती. मी तिघांचा निरोप घेतला. रिक्षात बसून मागे पाहिलं तेव्हा पहिल्याचा पंप दुरुस्त होऊन तो निघाला होता आणि सर बाकावर एक जागा पुढे सरकले होते.

घाट उतरताना बसमध्ये मी नवी नोंद लिहायला वही काढली. लिहिणं जमलं नाही. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यभर मी चुका दाखवल्या आणि ज्याच्या त्याच्या पदरात घातल्या. आपली चूक पिशवीत घालून, आपल्या पायांनी जाऊन, नंबर लावून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आणि त्याला कोणतीही सवलत न देता, इतर गिऱ्हाइकांसारखं बसवून ठेवणाऱ्या त्या म्हाताऱ्याने त्याला चाळीस वर्षांपूर्वी बोळातूनच अर्धी सोडलेली वाट पुरी करू देण्याची किती मोठी सवलत दिली होती, हे मला पातूर येईपर्यंत समजलं नव्हतं.